प्रोफेसर बसले ती जागा

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "परळीला वैजनाथाचं दर्शन झालं का?" झालं बाबांनो, चांगलं झालं. पण या दौऱ्याची हकिकत परळीची सांगून भागायची नाही. जिचं नावही इथं हैदराबादेत कुणी ऐकलेलं नाही अशा एका वस्तीची सांगावी लागेल, आणि तीच सांगायला मी इतके दिवस टाळाटाळ करत होतो. घरच्या मंडळींनी फारच धोशा लावला म्हणून आज लिहायला बसलो. ज्यांना देवदर्शनाचं पुण्य हवं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

आधी आम्ही दोघे कोण ते सांगतो. मी मूळचा रत्नागिरीकडचा. पोटासाठी निजामाच्या मुलखात आलो, घोकंपट्टी करून उर्दू शिकलो, आणि आता नव्या सरकारी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मुलांना तराजू आणि तापमापक कसे हाताळावेत ते शिकवतो. दुसरे आमच्या खात्याचे प्रोफेसर दत्तोपंत. हे बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याचे. जर्मनीत शिकून आले आहेत. तारा आतून कसा असेल, त्याच्या पोटातली उष्णता बाहेर कशी येत असेल, हे ते नुसत्या गणिताने काढतात. दुर्बीण नाही, भिंग नाही, नळी नाही. एक फळा आणि एक खुर्ची, एवढीच त्यांची मागणी, आणि विद्यापीठाच्या दफ्तराला, म्हणजे कचेरीला, नेमकी तीच पचत नाही. इतर प्रोफेसर यंत्रांसाठी भांडतात, त्यांचं काम दफ्तराला डोळ्यांनी दिसतं. एकदा दफ्तरातले मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रोफेसरसाहब, आख़िर आप करते क्या हैं?" दत्तोपंत म्हणाले, "सोचता हूँ." साहेब हसले आणि म्हणाले, "रिआया के पैसों से?" रयतेच्या पैशांवर का, असा टोमणा. सगळे हसले. दत्तोपंत हसले नाहीत. तो प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

दौरा निघाला तो असा. आमच्याकडे सगळं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे मराठी मुलुखातली मुलं फिरकत नाहीत. विद्यापीठाने ठरवलं की उन्हाळ्याच्या सुटीत ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्यात जावं, गावोगाव लोकांना भेटावं आणि मुलं पाठवा म्हणून सांगावं. बीडसाठी दत्तोपंतांचं नाव निघालं. ते एकटे गेले तर परभणीऐवजी मनमाडला उतरतील, ही सगळ्यांना खात्री. म्हणून त्यांच्या गळ्यात मला बांधलं. खरं तर त्यांना माझ्या.

गंगेचं पात्र

परभणीला आगगाडी सोडली आणि बैलांच्या दमणीत बसलो. वैशाखाचं ऊन. दोन पावसाळे कोरडे गेलेले. झाडांना पान नाही, बांधावर गवताची काडी नाही, आणि कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करणारी. मी कोकणातला माणूस. आमच्याकडे विहिरीत वाकून तांब्या बुडवता येतो. इथं गोदावरीच्या पात्रात उतरलो तर पात्रभर वाळूच वाळू. इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या वाळूत खड्डे करून बायका बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी पाझरायची वाट बघायची, पाझरलं की वाटीने उपसून घागरीत घालायचं. एक घागर भरायला अर्धा दिवस. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दत्तोपंत दमणीतून उतरून एका खड्ड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "मास्तर, या बायांच्या शेतसाऱ्यातून आपला पगार येतो."

"तहसीलदाराचाही येतो," मी म्हणालो. "त्याला कधी झोप लागत नाही असं ऐकलंय?"

"तहसीलदार निदान काहीतरी करतो."

"सारा वसूल करतो. ते काही फार मोठं उपकाराचं काम नाही."

ते दमणीत चढून बसले. मी उन्हाने इतका वैतागलो होतो की वाद वाढवला नाही.

सिरसाळ्याला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे उतरलो. बाजाराचा दिवस होता, पण बाजारात माणसांपेक्षा बैल जास्त आणि विकत घेणारा कुणी नाही. लोक दावं हातात धरून मुकाट उभे. जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि मिरचीचा ठेचा. मला भात लागतो. ठेच्याने कानातून धूर निघाला आणि वरून पाणी मागायची सोय नव्हती, कारण माझ्या वाट्याचं जे भांडंभर पाणी ताटाशेजारी ठेवलं होतं ते मी केव्हाच संपवलं होतं. व्यापारी मात्र माणूस मोकळा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमच्या साळंत शिकून तहसीलदार व्हतंय का पोरगं?"

"होईलही," दत्तोपंत म्हणाले. "पण त्यासाठी ती शाळा नाही."

"मग कशापायी हाय जी?"

दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हणालो, "होतं हो, तहसीलदार होतं." व्यापारी खूश झाला. त्यानेच सांगितलं की जवळच्या हिवरवाडीच्या ज्ञानोबा पाटलाचा मुलगा बीडला शिकतो आहे, डोक्याने हुशार आहे, पाटलाला भेटा. म्हणून आम्ही हिवरवाडीला गेलो.

हिवरवाडी

हिवरवाडी म्हणजे माळाच्या उतारावर टेकलेली धाब्याची घरं. अर्ध्या घरांना बाहेरून कड्या. माणसं गंगेच्या काठाला किंवा कुठं काम मिळेल तिकडे निघून गेलेली. ज्ञानोबा पाटील पन्नाशीचा, उंच, गालफडं बसलेली, पण पागोटं स्वच्छ. त्याने चावडीपुढे घोंगडी टाकली, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि पितळेच्या पेल्यातून पाणी दिलं. मी दोन घोट प्यालो, आणि आमच्याकडच्या सवयीने उरलेलं पाणी अंगणात फेकून पेला पालथा घातला.

 एका म्हातारीने "अगं माय!" म्हणून तोंडावर हात ठेवला. जमिनीवर पडलेला तो ओला डाग सगळे बघत राहिले, तो वाळेपर्यंत. पाटील म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. पावन्याला काय म्हाईत." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिथं मुलाबाळांच्या शिक्षणाचं बोलणं कुठून निघणार? दत्तोपंतांनी काढलं, तसं पाटलाने हात जोडले. "पोरगं धाडू की. पर त्याआदी वस्ती तर जगू द्या."

मग त्याने सगळं सांगितलं. ओढ्याकाठी वस्तीने मिळून एक विहीर खणायला घेतली होती. खाली मुरूम लागला, ओल लागली, आणि मग आडवा खडक लागला. आता दोन तट पडले होते. काही म्हणत, खडक फोडा, खाली पाणी आहे. काही म्हणत, जागा बदला, खडक फोडता फोडता मरू. अंगात बळ उरलं होतं ते एकाच विहिरीपुरतं. पाऊस पडेपर्यंत पाणी लागलं नाही तर उरलेली घरंही उठणार. एक दांडगा तरुण, किसन नावाचा, मागून म्हणाला, "भांडून भांडून महिना गेलाय सायेब. पहारीला हात लावंना कुनी."

"तुमी मोट्या साळंचे परफेसर," पाटील दत्तोपंतांना म्हणाला. "तुमीच बोला. कुटं खांदावं?"

इकडे जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याला पाणाड्या म्हणतात. कुणी हातात काडी धरून चालतो, कुणी नारळ घेऊन. दत्तोपंतांनी ओळखलं की आपल्याला पाणाड्या समजतायत. ते स्पष्ट बोलले. "पाटील, मला यातलं काही कळत नाही. माझं शास्त्र वेगळं आहे."

चावडीवर कुजबुज झाली. माझ्या शेजारचा म्हातारा मान डोलवत दुसऱ्याला म्हणाला, "बग बे. खरा मानूस." मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "लबाड पानाड्या पयलं म्हनतो मला कळतंय, मग पैसं मागतो. खरा कवाच म्हनत न्हाई. त्याला इचारायचं न्हाई. त्यो कुटं बसतो तिकडं बगायचं."

मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, आता झाली पंचाईत.

दुपारी घोंगडीवर माझा डोळा लागला. जागा झालो तर दत्तोपंत नाहीत. शोधत गेलो. वस्तीच्या खाली काळ्या रानात एकुलती एक हिरवी बाभळ, तिच्या खाली ते मांडी घालून बसले होते आणि काटकीने मातीत काहीतरी काढत होते. हे त्यांचं नेहमीचं. फळा नसला की भिंत, भिंत नसली की जमीन. एकदा विद्यापीठाच्या बागेत माळ्याने नुकतीच सारखी केलेली वाफ्यातली माती त्यांनी आकड्यांनी भरून टाकली होती आणि माळी रडकुंडीला आला होता. आत्ता त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं होतं, त्यात दुसरं, त्यात तिसरं, आणि मधोमध एक ठिपका. ठिपक्यापासून चहूकडे बाण. तो तारा होता, मधून कापलेला. आतली उष्णता बाहेर कशी येते ते बाणांनी दाखवलेलं. आम्ही प्रयोगशाळेत हे चित्र शंभरदा पाहिलं आहे.

आणि बांधावर अख्खी हिवरवाडी उभी होती. पाटलाने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या. 

मी विहिरी बघितलेल्या माणसाच्या नजरेने ते चित्र पाहिलं. वर्तुळात वर्तुळ. वरून विहिरीत वाकून बघावं तशी एकाखाली एक गेलेली कडी, आणि तळातून चहूकडे सुटलेले झरे.

"दत्तोपंत, उठा," मी म्हणालो. ते उठले, धोतर झटकलं, आणि समोर माणसं बघून गोंधळले. मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तिथल्या तिथे त्यांनी पाटलाला बोलावून समजावलं. ही विहीर नाही, पाटील. हा आकाशातला तारा आहे. मी इथं सावली होती म्हणून बसलो. पाटलाने प्रत्येक वाक्याला "व्हय जी, व्हय जी" केलं. मी पुन्हा बजावलं. "व्हय जी." दत्तोपंतांनी पायाने ते चित्र पुसायला घेतलं, तसा किसन धावत आला आणि त्यांच्या पाया पडून म्हणाला, "पुसू नगा, मालक. तुमचं ल्हिलेलं हाय, ऱ्हाऊ द्या." वस्तीतल्या माणसांनी चित्राभोवती दगड मांडले. आम्हाला वाटलं, मान देतायत. समजलं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि दमणी जुंपली.

परळी वैजनाथ

परळीत माणूस जरा माणसात येतो. मोठी पेठ, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, देवळाच्या उंच पायऱ्या, बेलाच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. मला तिथं भात मिळाला आणि मी दोनदा वाढून घेतला. इथली एक गोष्ट मला आवडली. या ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, पुजाऱ्याची आडकाठी नाही. आमच्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासूनच हाकलतात.

धर्मशाळेत दत्तोपंतांचं व्याख्यान ठेवलं होतं. माणसं आली बेताची, त्यातली निम्मी सावलीसाठी. पण दत्तोपंत मात्र बदलून गेले होते. देवळाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, सुटलं." दोन वर्षं त्यांचं एक गणित अडलं होतं. त्याच्यापायी दफ्तराचे टोमणे खाल्ले होते, परदेशातल्या लोकांपुढे मान खाली घातली होती. ते गणित हिवरवाडीच्या बाभळीखाली सुटलं होतं. "काटकी हातात होती आणि एकदम दिसलं. इतकं सोपं होतं हो! आता परत गेल्यावर लिहून पाठवलं की दफ्तरालाही सांगता येईल, बघा, हे केलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. मी पेढे आणले आणि आम्ही तिथंच पायऱ्यांवर बसून खाल्ले.

आठ-दहा दिवसांनी परतताना हिवरवाडीवरून जायचं ठरलं, पाटलाच्या मुलाचं पक्कं करायला. तिथून पुढे चकलांब्याला त्यांच्या घरी.

पुन्हा हिवरवाडी

लांबूनच मातीचा ढिगारा दिसला. काळ्या मातीचा, बाभळीच्या शेजारी. ओढ्याकाठच्या विहिरीवर चिटपाखरू नव्हतं.

दत्तोपंत चालत्या दमणीतून उतरले आणि रानातून धावत सुटले. मी मागून. दगडांचं वर्तुळ होतं तेवढाच खड्डा, दोन-तीन पुरुष खोल, आणि एका बाजूची कड सबंध ढासळलेली. काळ्या मातीच्या रानात विहीर उभी राहत नाही, भिंती धरत नाहीत, हे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी खणली होती. दोन्ही तट एक झाले होते, रात्रंदिवस पाळ्या लावून खणली होती.

पाटील आला. त्याच्या डोक्यावर पागोटं नव्हतं. "किसन गेला, मालक," तो म्हणाला. "परवा कड आली अंगावर. उकरून काडला. पर गेला व्हता."

दत्तोपंतांनी विचारलं, "का खोदलं, पाटील? मी नको म्हणालो होतो ना?" 

"तुमी बसलाव म्हनून खांदलं, जी."

मला वाटलं, आता लोक चवताळतील. मी दमणी कुठं आहे ते बघून ठेवलं. पण कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट एक बाई झटकलेली घोंगडी घेऊन आली आणि पाटील हात जोडून म्हणाला, "पानी आजून लांब दिसतंय. हितंच खाली जाऊ का दुसरीकडं कुटं बसताव? तुमी बसा फक्त. आमी काय बी इचारनार न्हाई."

दत्तोपंत बसले नाहीत. चावडीपुढे नेलं तरी उभेच. गूळ दिला तो हातातच राहिला. मी म्हटलं, अहो टेका जरा, चक्कर येऊन पडाल. ते घोंगडीपासून आणखी दोन पावलं लांब झाले.

दिवस कलताना किसनची बायको आली. सुभद्रा तिचं नाव. विशीचीही नसेल. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. ती पदर सावरून दत्तोपंतांच्या समोर उभी राहिली. बाया तिला मागं ओढत होत्या, तिने हात झिडकारले.

"एकच सांगा मला," ती म्हणाली. "जागा खरी हाय ना? तेवडं सांगा. मानूस उगंच गेला का पान्यापायी गेला?"

 दत्तोपंतांना खोटं बोलता येत नाही. दफ्तरापुढे दोन शब्द गोड बोलले असते तर आज त्यांचा पगार माझ्या पगाराच्या कितीतरी पट असता. मी त्यांच्याकडे पाहत होतो. 

"खरी आहे," ते म्हणाले. "जागा खरी आहे, बाई."

तिने डोळे मिटले, खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि गेली. 

सकाळी दमणी जुंपत होतो तेव्हा रानातून पहारींचा आवाज यायला लागला. घणघण. दत्तोपंतांनी माझा दंड धरला. "खणतायत," ते म्हणाले. "मी सांगितलं म्हणून पुन्हा उतरलेत आत."

"चला निघू," मी म्हणालो. "आता आपल्या हातात काही नाही." हे बोललो ते मनापासून बोललो. मला तिथून पळायचं होतं.

ते मला सोडून पळाले, पण उलट दिशेला. मी पोचलो तेव्हा ते दोराला लोंबकळून खड्ड्यात उतरत होते. धोतर, कोट, चष्मा, सगळ्यासकट. आत दोघेजण खणत होते, ते गडबडून वर आले. दत्तोपंत तळाशी पोचले आणि चिखल नसलेल्या त्या कोरड्या काळ्या मातीत मांडी घालून बसले. वरच्या कडेची माती त्यांच्या खांद्यावर भुरभुरत होती.

"पाटील!" ते खालून ओरडले. "मी काल खोटं बोललो. इथं पाणी आहे की नाही मला ठाऊक नाही. मी काढलं तो तारा होता. तुम्हाला सांगूनही तुम्ही ऐकलं नाही. आता खणायचं तर माझ्यावर खणा."

"आवं मालक, वर या! कड इल!"

"येऊ द्या. ओढ्याकाठच्या विहिरीवर जाता का ते सांगा. तिथं ओल तुमच्या डोळ्यांनी बघितलीत. तिथं जाता का?"

मी काठावर पालथा पडून त्यांना शिव्या घालत होतो. अक्षरशः शिव्या. विद्यापीठाचे प्रोफेसर आहात, लाज नाही वाटत, बायकोपोरांचा विचार करा, असं तोंडाला येईल ते. माझ्या छातीखालची माती हलत होती. पाटील डोकं धरून बसला होता. शेवटी त्याने वाकून विचारलं, आणि त्याच्या विचारण्यात अजूनही राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मग मोटी साळा कावून काडली जी सरकारनं? आमचा सारा घेतात, तुमाला पगार देतात. तुमी काय करताव तितं?"

 मग दत्तोपंत म्हणाले, "विचार करतो, पाटील. ताऱ्यांचा. तुमच्या पैशानं. पाण्याचं मला काही येत नाही."

पाटील उठला. पहारवाल्यांना म्हणाला, "चला बे. वड्याकडं." मग दोर धरून त्याने आणि मी मिळून प्रोफेसरांना वर ओढलं. ते वर आले तेव्हा त्यांचा चष्मा फुटलेला होता आणि हाताची सालं निघालेली होती. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. माणसं आपली अवजारं घेऊन निघून गेली.

पुढचं मला सिरसाळ्याच्या व्यापाऱ्याकडून नंतर कळलं. ओढ्याकाठचा खडक फुटला. खाली पाणी लागलं, पण मचूळ. जनावरं पितात, माणसं इलाज नाही म्हणून पितात. तोवर आणखी काही घरं उठून गेलीच. पाटलाचा मुलगा आमच्याकडे आला नाही. चकलांब्याला आम्ही गेलो नाही. दत्तोपंतांनी ते सुटलेलं गणित अजून लिहून पाठवलेलं नाही. मी दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

त्या सकाळी आम्ही दमणीत बसलो तेव्हा सुभद्रा वाटेवर उभी होती. डोक्यावर रिकामी घागर, गंगेकडे निघालेली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. मी गाडीवानाला म्हटलं, हाक लवकर. दत्तोपंतांनी त्याला थांबवलं आणि खाली उतरले. तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. ती बोलेल ते, घालेल त्या शिव्या ऐकून घ्यायला.

तिने घागर खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"काल तुमी जागा खरी म्हनलाव," ती म्हणाली, "तवा रातच्याला झोप लागली व्हती मला. धनी गेल्यापून पैल्यांदा लागली."

एवढं बोलून तिने घागर उचलली आणि ती आपल्या वाटेला लागली.